लोहाराची पायवाट

साकीनाक्याच्या गाळ्यांत लेथवर राबणाऱ्या बापाला मुलाच्या सहलीची वर्गणी एकरकमी भरणे सोपे नसते. मग सहलीच्या दिवशी त्या मुलाचे पोट हटकून दुखते. अशा मुलांसाठी खाऊची दुकाने लावून वा हाउझी खेळवून निधी जमवणे ही आजकालची टूम वाटेल. परंतु साष्टी बेटाला ही रीत सुमारे अठराशे वर्षे ठाऊक आहे.

साकीनाक्याच्या उत्तरेस, डोंगरातील कान्हेरीची लेणी अशाच लोकवर्गणीतून घडली. तेथील प्राकृत भाषेतले ब्राह्मी लेख सांगतात : कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली, तेथल्याच लोहाराने पायवाट. कोणी ‘अक्षयनीवी’ ठेवली. मुद्दल अभंग राखायचे आणि व्याजातून भिक्षूंना वस्त्रे पुरवायची. दाता नावानिशी कोरला गेला. घेणारा मात्र केवळ ‘संघ’ राहिला.

आपल्या निधीनेही हेच पथ्य पाळावे. घेणाऱ्या मुलाचे नाव वर्गात पुकारू नये. जमलेली सारी रक्कम एकाच सहलीत न संपवता काही भागाची अक्षयनीवी करावी. एका लोहाराने बांधून दिलेल्या पायवाटेवर दुसऱ्या लोहाराच्या मुलाचेच पाऊल पडू नये, हे कसे चालेल?