दिवाळे पतीचे, धन पत्नीचे

पूर्वी व्यापारी बुडाला म्हणजे भरदिवसा पेढीवर दिवा लावी आणि त्यावरूनच ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे सांगतात. तो दिवा पाहून सावकार धावत येत. पण घरातल्या बायकोच्या दागिन्यांवर त्यांचा हक्क होता काय?

याज्ञवल्क्यस्मृती सांगते की, पतीचे ऋण पत्नीने फेडू नये. अपवाद मोजकेच : कुटुंबाच्या पोषणासाठी झालेले, तिने स्वतः काढलेले, पतीबरोबर मिळून काढलेले किंवा फेडण्याचे कबूल केलेले ऋण. उलट गवळी, रजक, नट यांच्या बायकांचे ऋण पतीने फेडावे. कारण त्यांचा चरितार्थ बायकांच्या कष्टांवर चालतो. मात्र दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा बंदिवास यांत पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असेही तीच स्मृती म्हणते.

इंग्रजी अमदानीतील कायद्याने हीच भिंत नव्या विटांनी बांधली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने बायकामुलांचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळले. पत्नीच्या हितासाठी उतरविलेल्या विम्याला १८७४ च्या कायद्याने दिलेले संरक्षण १९२३ च्या दुरुस्तीने हिंदूंनाही मिळाले.

पण लबाडीला वाट ठेवली नाही. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने असे ठरविले की, योग्य मोल न घेता बायकोच्या नावे केलेली मिळकत, पुढील दोन वर्षांत पतीचे दिवाळे निघाल्यास, तिच्याकडून परत घेता येईल. सरकारचे येणे आधी चुकवायचे, आणि दिवाळखोर मुक्त झाला तरी ते सुटत नाही, हेही त्याच कायद्यात आले. १९६१ च्या आयकर कायद्याने पतिपत्नींची आकारणी वेगळी ठेवली. परंतु मोबदल्याविना पत्नीला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीच्याच माथी मारले.

तात्पर्य, कायद्याच्या दृष्टीने पतीचे दिवाळे हे पत्नीचे दिवाळे नव्हे. तिची पत तिच्यापाशी शाबूत राहते. ती जाते सहीने. घरासाठी कर्ज काढताना ‘इथे सही कर’ एवढेच सांगून आपण पत्नीला सहकर्जदार किंवा जामीन करतो, आणि पिढ्यांनी राखलेली भिंत क्षणात पाडतो. कबूल केलेले आणि मिळून काढलेले ऋण तिने फेडावे, हे स्मृतिकारांनीही सांगितले आहे. तेव्हा सहीपूर्वी तो कागद तिला वाचू द्यावा, एवढे तरी आपण करू या.