जुना घरचा कॉम्प्युटर गेमिंगसाठी अपग्रेड कसा करायचा? कमी बजेटमध्ये काय बदलावं, काय बदलू नये

आपल्यापैकी बहुतेकांचं गेमिंग मोबाईलवरच सुरू झालं. माझंही तसंच. पण मोबाईल दोन वर्षांत हँग व्हायला लागतो आणि मग नवीन घेण्याशिवाय इलाज नसतो, कारण त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स सगळं एकाच चिपवर असतं आणि रॅमही आतच सोल्डर केलेली असते. फोनमधली ती ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा, खरी रॅम नाही. डेस्कटॉपचं तसं नसतं. तिथे एकेक पार्ट वेगळा काढता येतो, वेगळा बसवता येतो. म्हणून घरात धूळ खात पडलेला दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर लगेच भंगारात काढू नका.

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१३ चा. महाराष्ट्रात त्या काळात कितीतरी घरांत कॉम्प्युटर आला तो एमएस-सीआयटीच्या निमित्ताने, आमच्याकडेही ताईच्या एमएस-सीआयटीसाठीच आला. वाशिमवरून असेंबल करून आणलेला. पेंटियम जी२०३० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. ग्राफिक्स कार्ड नाही. सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की तोवर चहा होऊन जायचा.

माझ्याकडे १०,००० रुपये होते. तेवढ्यात हप्त्यावर नवा फोन घ्यावा की हा डब्बा सुधारावा, हा प्रश्न होता. बाबांचं म्हणणं वेगळंच होतं. “गेमसाठी एवढे पैसे कायले घालतं? अन् डब्बा बंद पडला त ताईचे फॉर्म कोण भरन?” ताई स्पर्धा परीक्षा देते, तिच्या टेस्ट आणि फॉर्म सगळं याच मशीनवर. म्हणजे काही बिघडवलं तर फक्त माझा गेम जाणार नव्हता. म्हणून एकदम सगळं न उघडता एकेक पार्ट बदलायचं ठरवलं. तुम्हीही तसंच करा.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा

टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ मध्ये गेलात की प्रोसेसरचं नाव, रॅमचा स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. मदरबोर्डचं मॉडेल सीपीयू-झेड या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतं. इंटेलचा नंबर वाचायची सोपी खूण म्हणजे आय५-३४७० मध्ये पहिला आकडा ३, म्हणून तिसरी जनरेशन. आय५-८४०० असेल तर आठवी.

मॉडेल कळलं की कंपनीच्या साइटवर त्या बोर्डला कोणकोणते प्रोसेसर चालतात त्याची यादी असते. ती बघितल्याशिवाय प्रोसेसर घेऊ नका. माझ्या बोर्डचं सॉकेट एलजीए११५५, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या पुढे जायचा प्रश्नच नव्हता.

एक फुकटची गोष्ट. कॉम्प्युटर चालू केला की दरवेळी तारीख मागे जाते का? मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो बटणासारखा सेल किराणा दुकानातही मिळतो. तारीख चुकली की ब्राउझर अर्ध्या वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही, आणि लोक उगाच विंडोज टाकत बसतात.

पहिला खर्च एसएसडीचा

२५६ जीबीची साटा एसएसडी मी १,७०० ला घेतली. एच६१ बोर्डवर साटाचा स्पीड फक्त ३ गिगाबिट आहे, म्हणजे एसएसडी ५०० एमबीच्या स्पीडची असली तरी इथे साधारण त्याच्या निम्म्यावर चालते. तरी फरक जमीन-अस्मानाचा पडतो, कारण हार्डडिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर डेटा शोधायलाच वेळ जातो आणि एसएसडीत तो शोध जवळजवळ नाहीच. विंडोज आणि एक-दोन गेम एसएसडीवर, बाकी फोटो-पिक्चर जुन्या हार्डडिस्कवर. जीटीए ५ ला एकट्याला १०० जीबीच्या वर जागा लागते, तेव्हा १२८ जीबीची एसएसडी घेण्यात अर्थ नाही. आणि ‘२ टीबी एसएसडी ९०० रुपये’ असं दिसलं तर पुढे सरका.

एसएसडीने गेमचे एफपीएस वाढत नाहीत. लोडिंग कमी होतं. पण ताईला सगळ्यात जास्त आवडलेला बदल हाच.

रॅममध्ये लोक कुठे फसतात

सेकंड हँड ८ जीबी डीडीआर३ ची स्टिक ८०० ला मिळाली. आधीची ४ मिळून १२ जीबी. दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनल चालू होतं. डीडीआर३-१६०० ची एक स्टिक सेकंदाला १२.८ जीबी डेटा देते, दोन असल्या तर दुप्पट. ग्राफिक्स कार्ड नसेल तर याचा फायदा थेट दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. ४ आणि ८ अशी जोडी असली तरी इंटेल ४ अधिक ४ ला ड्युअलमध्ये चालवतं आणि उरलेल्या ४ ला सिंगलमध्ये. परफेक्ट नाही, पण चालतं.

आता फसवणुकीचं. बाजारात स्वस्त ८ जीबी डीडीआर३ मिळते तिच्यावर बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेलं असतं. ती इंटेलच्या बोर्डवर चालत नाही. लॅपटॉपची रॅम आखूड असते, तीही बसणार नाही. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून बसत नसेल तर जोर लावू नका.

प्रोसेसर

आय५-३४७० सेकंड हँड १,३०० ला घेतला. दोन कोअरवरून चार कोअरवर गेलो. याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या पेंटियममध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचनांचा संच नसतो आणि काही गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. आय५ मध्ये तो आहे. मात्र पुढचा एव्हीएक्स२ यात नाही, तो चौथ्या जनरेशनपासून आला. म्हणजे अगदी नवीन काही गेम इथेही चालणार नाहीत, हे मनाशी धरूनच पैसे घाला.

गंमत बघा, २०१५ साली जीटीए ५ पीसीवर आला तेव्हा कंपनीने शिफारस केलेला इंटेल प्रोसेसर नेमका हाच होता, आय५-३४७०.

बदलताना काळजी एकच. या सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात आणि केसासारख्या नाजूक असतात. एक वाकली की बोर्ड गेला. प्रोसेसर सरळ वर उचला, सरळ खाली ठेवा. थर्मल पेस्ट (माझी १५० ची) वाटाण्याएवढी. पंख्याच्या चारही खुंट्या ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. माझी एक अर्धवट राहिली होती, पाच मिनिटांत टेम्परेचर ९० च्या पुढे गेलं आणि मशीन बंद. नशीब, प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्वतःच बंद होतो.

ग्राफिक्स कार्ड: इथे माझे ३,२०० रुपये गेले

आता खरं दुखणं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे ‘जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी’ ३,२०० ला दिसलं. तेव्हा हेच कार्ड बाकी ठिकाणी ५,००० च्या आसपास होतं. घेतलं. लावल्यावर डिस्प्ले आला, विंडोजमध्ये नावही बरोबर दिसलं. पण गेम सुरू झाला की दोन मिनिटांत स्क्रीन काळी. आठवडाभर मी ड्रायव्हरला दोष देत होतो. शेवटी जीपीयू-झेड टाकून पाहिलं तर नावाच्या आधीच ‘फेक’ असं लिहून आलं. विक्रेत्याने तोवर मला ब्लॉक केलेलं.

हे कसं करतात? दहा वर्षांहून जुनं कार्ड घ्यायचं, उदाहरणार्थ जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय, आणि त्याच्या बायोसमध्ये नवीन नाव आणि जास्त मेमरी लिहायची. गेमने ती नसलेली मेमरी मागितली की क्रॅश.

ओळखायची सोपी खूण तर मला घेण्याआधी फोटोतच दिसत होती. त्या कार्डला निळा व्हीजीए पोर्ट होता. एनव्हिडियाने १० सिरीजमध्ये ॲनालॉग आउटपुट काढूनच टाकलं, त्यामुळे खऱ्या १०५० टीआयला व्हीजीए पोर्ट नसतो. मी उलट खूश झालो होतो की आपला जुना मॉनिटर डायरेक्ट लागेल! खरं कार्ड घेतलं तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो, २५० रुपये, तो हिशोबात धरा.

तर कार्ड घ्यायचं तर समोर लावून, जीपीयू-झेड उघडून, अर्धा तास गेम चालवून. नाहीतर बिल आणि वॉरंटीसकट नवीन.

कोणतं घ्यावं? एच६१ सारख्या जुन्या मशीनसाठी ७५ वॉटच्या आतलं कार्ड बरं, कारण तेवढी वीज मदरबोर्डचा स्लॉटच देतो. यात १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० येतात. (१६५० च्या काही मॉडेलला मात्र वेगळी सहा पिनची केबल लागते, बघून घ्या.) माझं मत १६५० कडे. १०५० टीआय २०१६ चं आहे आणि एनव्हिडियाने त्या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, आता फक्त अधूनमधून सुरक्षेचे अपडेट येतील. १६५० ला अजून पूर्ण सपोर्ट आहे. जीटी १०३० घेणार असाल तर डीडीआर४ वालं घेऊ नका. नाव तेच, पण त्याच्या मेमरीचा वेग जीडीडीआर५ वाल्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. आरएक्स ६४०० चांगलं, पण ते फक्त चार लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डवर मार खातं.

पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस

हा पार्ट कोणालाच घ्यावासा वाटत नाही, कारण त्याने स्क्रीनवर काहीच बदलत नाही. माझ्या जुन्या एसएमपीएसवर ‘५०० वॉट’ असं मोठ्या अक्षरात होतं. बाजूच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. गुणाकार करा, १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच लाइनवर चालतात. आय५ चे ७७, कार्डाचे ७५, त्यात पंखे आणि डिस्क, झालं की. शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट डिम-फुल होते. ताईची टेस्ट चालू असताना हा डब्बा उडाला तर बाबांना काय सांगणार? ४५० वॉटचा ब्राँझ रेटिंगवाला २,४०० ला घेतला. युपीएस जुनाच, ६०० व्हीएचा, तो साधारण ३६० वॉटपर्यंत झेपतो.

आता माझ्याजवळ २०० रुपये उरले होते आणि कार्ड नव्हतं. चार महिने मी याच मशीनवर गावातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून दिले. पैसे जमल्यावर अकोल्याला जाऊन १६५० घेतलं, ६,५०० ला. दुकानदार म्हणाला, “भाऊ, आधी लावून पाहा, मंग पैसे द्या.” मी माझा सीपीयूच बसमध्ये मांडीवर घेऊन गेलो होतो.

सगळा हिशोब १३,१०० चा, आणि फेक कार्डाचे ३,२०० धरले तर १६,३००. दहा हजारात झालं असं मी सांगणार नाही.

विंडोज आणि गेमचं काय

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० लागतं. युट्यूबवर जुगाड करून टाकायचे व्हिडिओ आहेत, पण व्हॅलोरंट खेळत असाल तर ते करू नका. विंडोज ११ वर त्याचं अँटी-चीट टीपीएम आणि सिक्युअर बूट तपासतं, आणि नसेल तर व्हॅन ९००१ ही एरर देऊन थांबतं. लिनक्स मिंटवर स्टीमचे पुष्कळ गेम चालतात, पण व्हॅलोरंट आणि जीटीए ऑनलाइन नाही. अजून विंडोज ७ वर असाल तर स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून तो सपोर्ट बंद केलाय.

मोबाईलचे गेम इम्युलेटरवर खेळायचे असतील तर बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा, नाहीतर सगळं अडखळतं. त्या गेमचे नियमही वाचा, काही ठिकाणी इम्युलेटरमुळे खातं बंद होऊ शकतं.

आमच्याकडे आता जीटीए ५ ची जुनी, म्हणजे लेगसी आवृत्ती फुल एचडीवर ५० ते ६० एफपीएसने चालते, व्हॅलोरंट लो सेटिंगवर शंभरच्या वर. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर झाला की प्रोसेसर दमतो.

विदर्भातल्यांसाठी एक. मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर असतं, म्हणून लोक कॉम्प्युटर कुलरच्या समोर ठेवतात. ठेवू नका. कुलरची हवा गार असते तशी दमटही असते, आतले कनेक्टर गंजतात. महिन्यातून एकदा ब्लोअरने धूळ काढा, पंखा बोटाने धरून.

तुमचा बोर्ड एच६१ पेक्षाही जुना असेल, डीडीआर२ रॅमवाला, तर त्यात एक रुपयाही घालू नका. तेवढ्या पैशात कंपन्यांमधून निघालेले आठव्या जनरेशनचे रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघायला सुरुवात करा, त्यावर विंडोज ११ रीतसर चालतं. फक्त त्यातला चपटा छोटा डब्बा घेतलात तर कार्डही लो-प्रोफाइलच बसेल आणि एसएमपीएस बाहेरचा लागणार नाही, तेव्हा मोठं टॉवर कॅबिनेटच मागा.

आमच्याकडे सध्या संध्याकाळी सात ते नऊ मशीन ताईचं असतं. नऊनंतर माझं.