पाण्याची पकड

होडीच्या पिछाडीस टांगलेलें यंत्र चार बोटें वर घ्यावें कीं खालीं सोडावें, पंखा कोणत्या मापाचा लावावा, हा होडीवाल्यांचा नित्याचा वाद आहे. यंत्र फार वर घेतलें तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो आणि नुसता गरगरतो. फार खालीं सोडलें तर यंत्राचा बुडालेला भागच वेगाला अडथळा करतो. सारा प्रश्न पाण्यावरील पकडीचा. तो उलगडण्यास बराच काळ गेला.

१८३७ सालीं फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्रज शेतकरी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यांत लांकडी मळसूत्राची आगबोट चालवीत होता. मळसूत्राला दोन वेढे होते. अपघातानें त्याचा निम्मा भाग मोडला, आणि बोट अडण्याऐवजीं अधिकच वेगानें धांवूं लागली! स्मिथला हें शहाणपण फुकट मिळालें. चार्ल्स पार्सन्सला मात्र तें कष्टानें मिळवावें लागलें.

१८९४ सालीं पार्सन्सनें वाफेच्या टर्बाइनवर चालणारी पहिली नौका, 'टर्बिनिया', पाण्यांत लोटली. लांबी शंभर फुटांवर, रुंदी अवघी ९. पंखे बदलून पाहिले, तरी ताशीं २० सागरी मैलांचा वेगहि तिला गांठवेना. दोष टर्बाइनचा ठरता तर त्याचा शोध समुद्रापुरता तरी बुडालाच असता. त्यानें दांड्याला मिळणारी शक्ति मोजली. ती भरपूर होती. मग ती जाई कोठें? पंखा इतका भरधाव फिरे कीं पात्यांच्या पाठीशीं पाण्याचा दाब अगदीं उतरे आणि वरून हवा न शिरतांहि तेथें वाफेच्या पोकळ्या होत. पातीं पाण्याऐवजीं त्या पोकळ्यांनाच ढकलीत. हें डोळ्यांनीं पाहावें म्हणून त्यानें १८९५ सालीं एका लहान पात्रांत दोन इंची पंखा फिरविला. पाणी उकळीच्या जवळ तापविलें, म्हणजे कमी वेगांतहि पोकळ्या दिसत. युक्ति साधी, पण सुचणें कठीण.

मग टर्बाइनचे तीन भाग करून तीन दांडे बसविले व प्रत्येकावर तीन पंखे चढविले. भार नऊ पंख्यांत वांटला गेला आणि वेग ३४ सागरी मैलांवर पोंचला. २६ जून १८९७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या आरमारी पाहणींत, स्पिटहेड येथें ही चिमुकली नौका युद्धनौकांच्या रांगांमधून सुसाट निघाली. पाठलागास धाडलेल्या बोटी मागेंच राहिल्या.

'टर्बिनिया' न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी संग्रहालयांत जपून ठेवली आहे. तेथें गेलांत तर टर्बाइनच्या कौतुकांत रमण्यापूर्वीं पिछाडीकडे जा, वांका, आणि ते नऊ पंखे मोजा.