देवराई : भातखाचरांमधील जुने वन

कोकणातून किंवा घाटमाथ्यावरून प्रवास करताना उघडे माळ व भातखाचरे यांच्या मध्येच एखादा गर्द वृक्षपुंज दृष्टीस पडतो. बहुधा ती त्या गावाची देवराई असते. ग्रामदेवतेच्या नावे राखलेले, पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेले वनखंड म्हणजे देवराई होय. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तिला देवरहाटी असेही म्हणतात. कर्नाटकात देवरकाडू, केरळात कावू, राजस्थानात ओरण, झारखंडात सरना, तर मेघालयातील खासी समाजात लॉ किंतांग अशी तिची नावे आहेत. एकट्या कोडगू जिल्ह्यात, कॉफीच्या मळ्यांच्या सान्निध्यात, बाराशेहून अधिक देवरकाडूंची नोंद झालेली आहे.

या वनांचे रक्षण कुंपणाने नव्हे, तर नियमाने झाले. शिलाँगपासून सुमारे २५ किलोमीटरवरील मावफ्लांगच्या राईतून एक पानही बाहेर नेऊ नये, असा दंडक आहे. कोकणात झाड तोडण्यापूर्वी देवाला कौल लावण्याची प्रथा आहे आणि कौल न मिळाल्यास काम थांबते. काळकाई, वाघजाई, म्हातोबा यांसारखी ही दैवते कित्येक ठिकाणी उघड्यावर, झाडाच्या बुंध्याशीच असतात.

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे शास्त्रीय मोल प्रथमच ठळकपणे मांडले. भोवतालचे डोंगर उजाड झाले तरी गारंबीचे अजस्र वेल, जुने बेहडे व सातवीण या रायांत टिकून राहिले. पालापाचोळ्याचा जाड थर पावसाचे पाणी धरून ठेवतो व ते सावकाश झिरपू देतो. राईच्या पायथ्याशी झरा, विहीर किंवा तळे असते ते यामुळेच. खालच्या शेतीला या पाण्याचा आधार मिळतो.

सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथील राई याचे उत्तम उदाहरण होय. येथे रानजायफळाची गोड्या पाण्याची दलदल आहे. चिखलात प्राणवायू अपुरा असल्याने या वृक्षांची मुळे गुडघ्यासारखी वाकून जमिनीबाहेर येतात. अशा दलदली प्रामुख्याने केरळ, कर्नाटक व गोव्यात आढळतात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील अशीच एक दलदल ‘निरंकाराची राई’ म्हणून ओळखली जाते. बांबर्डे येथील जेमतेम २.५९ हेक्टर क्षेत्राला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा देण्यात आला. राष्ट्रीय उद्यानांच्या तुलनेत हे क्षेत्र नगण्यच. परंतु जे तेथे आहे ते आसपासच्या शेकडो एकरांत नाही.

धनेश पक्ष्यालाही जुन्याच वृक्षांची गरज असते. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते व नर तिला फटीतून फळे भरवतो. एवढी मोठी ढोली कोवळ्या झाडात होत नाही. नवी लागवड कितीही केली तरी ही उणीव काही दशके भरून निघत नाही, हे वृक्षारोपणाच्या उत्साहात विसरले जाते.

आजचा धोका केवळ लाकूडचोरांकडून नाही. श्रद्धा उरते, तिचे रूप मात्र बदलते. दगडाच्या देवाला सिमेंटचे मंदिर, मंदिराला सभामंडप, मंडपाला रस्ता, असे करीत राई मागे हटते. काही गावांत तर जीर्णोद्धाराचा खर्च राईतील झाडे विकूनच भागवला गेला.

दुसरी अडचण कागदोपत्री आहे. देवरायांच्या जमिनी कोठे महसूल विभागाच्या, कोठे वन विभागाच्या, कोठे देवस्थानाच्या, तर कोठे खाजगी सामाईक मालकीच्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्रा’ची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील ओरणांची प्रत्यक्ष पाहणी व उपग्रहाद्वारे मोजणी करून त्यांना वन म्हणून नोंदवण्याचे निर्देश दिले. क्षेत्राचा आकार लहान आहे म्हणून ते वगळू नये, असेही स्पष्ट केले. इतर राज्यांत मात्र सातबाऱ्यावर ‘देवराई’ हा शब्द नसलेल्या कित्येक राया अद्याप केवळ गावकऱ्यांच्या सांगण्यावरूनच ओळखल्या जातात.