सा कार्नेरो : अकरा महिन्यांचा पंतप्रधान

पोर्तुगालचे नाव निघाले की आम्हां गोमंतकीयांच्या डोळ्यांपुढे सालाझार उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या राजवटीने १९६१ पर्यंत आमच्यावर अंमल गाजविला, तिच्याच सभागृहात बसून तिला सुधारू पाहणारी काही माणसे पुढे त्या देशात निघाली. फ्रान्सिस्को सा कार्नेरो हे त्यांतील अग्रणी होत.

१९३४ साली पोर्तो शहरी त्यांचा जन्म झाला. व्यवसायाने ते वकील होते. १९६८ मध्ये सालाझार अंथरुणास खिळले व मार्सेलो कायतानो अधिकारावर आले, तेव्हा आता राज्य थोडे सैल होईल अशी आशा अनेकांस वाटली. १९६९ च्या निवडणुकीत सर्वच्या सर्व १३० जागा सरकारी पक्षाने घेतल्या. त्या पक्षाच्याच यादीतून सा कार्नेरो निवडून आले. यजमानाच्या पंगतीस बसून स्वयंपाकास नावे ठेवण्याचे हे काम होते. परंतु ते त्यांनी निष्ठेने केले. राजकीय कैद्यांच्या हक्कांविषयी ते बोलले. १९७० साली पिंतो बाल्सेमाँव यांच्या समवेत त्यांनी वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचे विधेयक आणले. घटना बदलण्याची सूचनाही मांडली. एकही गोष्ट मान्य झाली नाही. अखेर जानेवारी १९७३ मध्ये, मुदत संपण्याची वाट न पाहता, त्यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील मोलाचा भाग हाच. आतून सुधारणा होत नाही हे पुष्कळांना कळते. कळल्यावर खुर्ची सोडणारे थोडे.

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने ती राजवट कोसळली. मे महिन्यात सा कार्नेरो यांनी बाल्सेमाँव प्रभृतींसह नवा पक्ष काढला. पुढे तोच सोशल डेमोक्रॅटिक पक्ष म्हणून ओळखला जाऊ लागला. नाव डावीकडचे, वळण उजवीकडचे! पहिल्या हंगामी मंत्रिमंडळात ते थोडे दिवस होते. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. करारावर मारिओ सुआरिश व आपले यशवंतराव चव्हाण यांच्या सह्या आहेत. तेव्हा सा कार्नेरो मंत्री नव्हते, त्यांचा पक्ष मात्र सरकारात होता.

स्वपक्षीयांशीही त्यांचे वारंवार बिनसले. एकदा तर त्यांनी नेतृत्व सोडले व काही महिन्यांनी ते पुन्हा स्वीकारले. १९७९ साली त्यांनी ख्रिस्ती लोकशाहीवादी व राजसत्तावादी यांची मोट बांधली, डिसेंबरात २५० पैकी १२८ जागा जिंकल्या आणि ३ जानेवारी १९८० रोजी ते पंतप्रधान झाले. विवाहित असून ते स्नू आबेकासिस या डॅनिश वंशाच्या प्रकाशिकेसमवेत उघडपणे राहत. विरोधकांनी त्याचा गाजावाजा केला. तरीही ऑक्टोबर १९८० मध्ये त्यांच्या आघाडीच्या जागा वाढून १३४ झाल्या.

त्यांचा खरा झगडा लष्कराशी होता. १९७६ च्या घटनेने सेनाधिकाऱ्यांच्या क्रांति-परिषदेस कायदे अडविण्याचा अधिकार दिला होता, आणि राष्ट्राध्यक्ष जनरल एआनिश हेच तिचे अध्यक्ष होते. एआनिश पुन्हा निवडून आले तर आपण पंतप्रधान राहणार नाही, असे सा कार्नेरो यांनी जाहीर केले. १९७३ च्या राजीनाम्यामुळे ही धमकी पोकळ नाही हे सर्वांस ठाऊक होते.

४ डिसेंबरच्या रात्री एआनिश यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या सभेसाठी ते पोर्तोस निघाले. लिस्बनहून उडताच लहानसे विमान कामारात येथे कोसळले; स्नू व संरक्षणमंत्री अमारो द कोस्ता यांच्यासह सातही जण गेले. तिसऱ्याच दिवशी मतदान झाले व एआनिश विजयी झाले. प्रथम तो अपघात ठरला. पुढे संसदेने एकामागून एक दहा चौकशी समित्या नेमल्या, त्यांतील कित्येकींनी घातपात म्हटले. न्यायालयात खटला मात्र उभा राहिला नाही.

क्रांति-परिषद १९८२ च्या घटनादुरुस्तीने गेली. त्या वेळी पंतप्रधानपदी होते ते पिंतो बाल्सेमाँव.