खंडाळ्याच्या मोबदल्यात महाबळेश्वर : पुण्याहून निघालेल्या एका घाटरस्त्याची गोष्ट

मंडळी, आजचा धागा एका अशा रस्त्याविषयी आहे ज्यावर आपण सर्वांनी कधी ना कधी खोळंबून शिव्या मोजल्या आहेत. सुट्टी लागली की अर्धे पुणे महाबळेश्वरकडे निघते आणि ‘पुढे काम चालू आहे, वाहने सावकाश हाका’ या पाटीपाशी येऊन थांबते. पुणे–सातारा महामार्गाचे सहापदरीकरण २०१० साली सुरू झाले. ते अडीच वर्षांत पूर्ण व्हावयाचे होते. मुदत उलटून अनेक वर्षे गेली, तरी अर्धवट उड्डाणपूल आणि खडीचे ढीग प्रवाशांच्या सोबतीला राहिले. टोलनाके मात्र वेळेवर उभे राहिले, हे चाणाक्ष वाचकांस सांगावयास नकोच.

परंतु हा रस्ता ‘काम चालू’ अवस्थेत असणे ही आजची गोष्ट नव्हे. गेली साडेतीनशे वर्षे त्यावर कोणी ना कोणी काम काढीत आले आहे. ते काम कोण करतो, कोणासाठी करतो, आणि पूर्ण झाल्यावर रस्ता कोणाच्या हाती जातो, या तीन प्रश्नांची उत्तरे दर वेळी निराळी निघाली. त्यांतील एक उत्तर तर साताऱ्याच्या छत्रपतींना फार महाग पडले.

आधी भूगोल. पुण्याहून महाबळेश्वरास जाताना तीन चढ लागतात : कात्रज, खंबाटकी आणि पसरणी. कात्रजचा डोंगर मुठेचे खोरे नीरेच्या खोऱ्यापासून वेगळे करतो. खंबाटकीची रांग नीरेचे पाणी आणि कृष्णेचे पाणी यांच्यामध्ये उभी आहे. पसरणीचा घाट वाईजवळ कृष्णेच्या काठावरून थेट पाचगणीच्या पठारावर चढतो. म्हणजे हा सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास डोंगरांच्या धारेला समांतर नसून त्यांना आडवा आहे. रस्ता करणाऱ्याला येथे काळ्या पाषाणाशी तीनदा झुंजावे लागते, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा नव्याने. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. अशा मुलखात रस्ता एकदा बांधून संपत नाही, तो सतत राखावा लागतो.

या वाटेवरील रस्तेबांधणीची सर्वांत प्रसिद्ध कथा प्रवाशांच्या सोयीची नाही, सापळ्याची आहे. १६५९ साली अफजलखान वाईस तळ देऊन होता. वाई त्याला नवखी नव्हती, पूर्वी तो तेथला सुभेदार होता. जावळीचे खोरे मात्र १६५६ पासून शिवाजी महाराजांच्या ताब्यात होते आणि प्रतापगड उभा राहिला होता. अवजड सैन्य, हत्ती, उंट आणि तोफा घेऊन त्या अरण्यात उतरणे खानाला सोपे नव्हते. जदुनाथ सरकार नोंदवितात की खानाच्या येण्याच्या मार्गावर महाराजांनी दाट जंगल तोडून वाट करविली आणि टप्प्याटप्प्यावर फौजेच्या अन्नपाण्याची व्यवस्था ठेविली. आदरातिथ्य म्हणून ते निर्दोष होते. खान रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरला. वाट एकच, ती दुसऱ्याने ठरविलेली, आणि परतताना तिच्या दोन्ही बाजूंच्या झाडीत काय आहे हे ठाऊक नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी पुढे जे घडले ते येथे सांगण्याची गरज नाही. मला त्यात वाघनखांइतकीच ती तोडलेली झाडे महत्त्वाची वाटतात. रस्ता बांधणे म्हणजे दुसऱ्याने कोठून चालावे हे ठरविणे, ही गोष्ट त्या रचनेत स्वच्छ दिसते.

आता दीडशे वर्षे पुढे येऊ. ‘महाबळेश्वरचा शोध इंग्रजांनी लावला’ हे वाक्य आपण पर्यटनाच्या पुस्तिकांत वाचतो. कृष्णेचे उगमक्षेत्र असलेल्या या क्षेत्री यात्रेकरू किती शतके येत होते! १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वणीस शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला येथेच केली. तेव्हा शोध लागला तो गावाचा नव्हे, हवेचा. १८२४ साली साताऱ्याचा लष्करी अधिकारी पीटर लॉडविक डोंगर चढून ज्या कड्यावर पोहोचला, तो कडा आज त्याच्या नावाने ओळखला जातो. उन्हाळ्यात तापाने खंगणाऱ्या गोऱ्या सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना येथे आरोग्यस्थान करता येईल, ही कल्पना मूळ धरू लागली.

कल्पनेला रस्ता हवा होता. आणि येथे राजकारण सुरू होते.

१८१८ साली पेशवाई बुडाली. १८१९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. उत्तरेस नीरा, दक्षिणेस वारणा आणि कृष्णा, पश्चिमेस सह्याद्री अशी त्याची ढोबळ चतुःसीमा होती. आज शिरवळजवळ नीरेचा पूल ओलांडताना आपण पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात जातो. १८२५ साली त्याच नदीवर प्रवासी कंपनीच्या मुलखातून छत्रपतींच्या राज्यात शिरत असे. महाबळेश्वरचा डोंगर अर्थातच छत्रपतींचा होता.

साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज याने १८२६ च्या सुमारास महाबळेश्वरी बंगला बांधला आणि साताऱ्याहून तेथवर गाडीरस्ता झाला. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमधील त्या वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. तेथे कर्ता ब्रिग्ज आहे. त्याने राजाचे मन वळवून उत्तम रस्ता करविला, असा वाक्याचा रोख. पैसा सातारच्या खजिन्याचा, डोंगर सातारचा, मजूर सातारच्या मुलखातले. वाक्यातला पराक्रम मात्र मन वळविणाऱ्याचा! वसाहतकालीन साधने वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्यावे, असे आम्हां विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात सांगितले जाते. त्याचे याहून चांगले उदाहरण मला अद्याप मिळालेले नाही.

प्रतापसिंह महाराज बावळट होते म्हणून त्यांनी रस्ता केला, असे मात्र समजू नये. ते स्वतः रस्ते, पाणीपुरवठा, शिक्षण यांत रस घेणारे राज्यकर्ते होते. साताऱ्यात त्यांनी केलेली कामे त्याची साक्ष देतात. आपल्या राज्यात चांगला रस्ता असावा, रेसिडेंटशी संबंध सलोख्याचे राहावेत, हा हिशेब त्या क्षणी शहाणपणाचाच होता. वरिष्ठ सत्तेने ‘विनंती’ केली की ती नाकारण्यास किती मोकळीक असते, हा प्रश्न निराळा.

१८२७ साली सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. १८२८ साली त्याने महाबळेश्वरी आजाऱ्यांसाठी आरोग्यस्थान सुरू केले. रस्ता तयार होता. आता जागा हवी होती. १८२९ साली करार झाला. छत्रपतींनी महाबळेश्वरचा तो प्रदेश कंपनीस दिला आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना वाईकडील खंडाळा हे गाव मिळाले. नव्या वसाहतीचे नाव पडले माल्कमपेठ.

येथे थोडे थांबू या, कारण ‘खंडाळा’ म्हटले की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे खंडाळे येते. ते हे नव्हे. हे खंडाळा म्हणजे खंबाटकीच्या पायथ्याचे, आज सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले गाव. नीरेच्या दक्षिणेस असूनही ते तोवर कंपनीकडे होते. म्हणजे शनिवारच्या कोंडीत ज्या गावाच्या वेशीवर आपली मोटार तासभर उभी राहते, त्याच गावाच्या बदल्यात आपण जेथे निघालो आहोत ते ठिकाण दिले गेले! गावकऱ्यांना कोणी विचारले असेल, असे त्या काळच्या राज्यव्यवहारावरून वाटत नाही.

(जाता जाता : दुसऱ्या खंडाळ्याशीही माल्कमचा संबंध आहेच. चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला बोरघाटाचा रस्ता त्याने खुला केला तो १० नोव्हेंबर १८३० रोजी. प्रतापगडाच्या भेटीचीही तारीख १० नोव्हेंबर. दोन्ही तारखांची कालगणना वेगळी आणि योगायोगाला अर्थ नसतो; तरी टिपणवहीत तो लिहून ठेवण्याचा मोह मला आवरला नाही.)

करारानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८३९ साली, कंपनीने प्रतापसिंह महाराजांवर राजद्रोहाच्या कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केले आणि काशीस पाठविले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि अनेक वर्षे तेथे झगडत राहिले. महाराज १८४७ साली काशीतच वारले. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसविले गेले होते. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव त्यांच्या काळातला, १८४२ चा. १८४८ साली तेही निवर्तले, आणि औरस वारस नाही या सबबीखाली डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. रस्ता, डोंगर आणि मोबदल्यात मिळालेले खंडाळा, तिन्ही कंपनीच्या खात्यात जमा झाले.

आज महाबळेश्वरात फिरताना लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, केट, विल्सन ही नावे पॉइंटांच्या पाट्यांवर भेटतात. तलावात नाव वल्हविणाऱ्या किती जणांना तो कोणी बांधविला हे ठाऊक असते? डोंगरावर आणखीही काही माणसे होती. १८३४ पासून १८६४ पर्यंत येथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. समुद्रापलीकडून आणलेले हे कैदी बटाटे आणि भाजीपाला पिकवीत, वेताच्या वस्तू विणीत. साहेबांच्या जेवणाची टेबले त्यांच्या श्रमांवर सजत.

पुण्याकडून येणारा कात्रज–खंबाटकी–पसरणी हा मार्ग एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने गाड्यांच्या योग्यतेचा होत गेला. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा मुंबईचा प्रवासी आगगाडीने पुण्यास येऊन तेथून टांग्याने निघू लागला. सुमारे ७५ मैलांचे अंतर, आणि वाटेत ठरावीक टप्प्यांवर घोडी बदलावयाची. कोकणातून चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या रस्त्याला गव्हर्नर फिट्झजेरल्डचे नाव मिळाले. हंगाम उन्हाळ्याचा आणि दिवाळीच्या आसपासचा. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी गव्हर्नरासह सारे खाली उतरत, बंगल्यांच्या भिंती गवताने शाकारल्या जात, आणि डोंगर स्थानिक लोकांच्या हवाली होई. पावसाळ्यानंतर मुरूम, खडी, दगडी मोऱ्या यांची कामे पुन्हा सुरू. म्हणजे सुट्टीचा हंगाम आणि रस्तादुरुस्तीचा हंगाम एकच असण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे.

आता पुन्हा खंबाटकीशी येऊ. नवे जुळे बोगदे होण्यापूर्वीची व्यवस्था अशी होती, की पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने जुना घाट चढत, आणि साताऱ्याहून पुण्याकडे येणारी जुन्या बोगद्यातून येत. बोगद्यातून बाहेर पडल्यावर खंडाळ्याच्या बाजूस उतारावर जे इंग्रजी ‘एस’ आकाराचे वळण लागते, त्याने अनेकांचे प्राण घेतले. एप्रिल २०१८ मध्ये विजापूर भागातून कामासाठी आलेल्या बांधकाम मजुरांचा टेम्पो तेथे उलटला आणि १८ जण मरण पावले. ते सुट्टीवर निघाले नव्हते. कोठेतरी काहीतरी बांधण्यासाठी, पहाटेच्या अंधारात, सामानासह टेम्पोत दाटीवाटीने बसून ते चालले होते. नव्या जुळ्या बोगद्यांचे काम काढण्यामागे हे वळण टाळणे हा एक मुख्य हेतू आहे.

म्हणून त्या कामाच्या पाटीवर रागावताना मी जरा अडखळतो. विलंबाचा राग रास्त आहे. कंत्राटाची मुदत, टोलचा हिशेब, अर्धवट सेवारस्ते यांबद्दल जाब विचारलाच पाहिजे. परंतु कोंडीत आपला जातो तो तास. खंडाळा, शिरवळ, वेळे येथल्या माणसांना हाच रस्ता रोज ओलांडून शेतावर आणि शाळेत जावे लागते, आणि त्यांची जमीन प्रत्येक रुंदीकरणात थोडी थोडी आत सरकते. खडीच्या ढिगामागे पिवळे हेल्मेट घालून झेंडा हलविणारा जो तरुण उन्हात उभा असतो, त्याचे गाव बहुधा या रस्त्यावर नसतेच.

पुढच्या वेळी जाणार असाल, तर पहाटे लवकर निघा. घाटात अवजड वाहने कमी असतात. खंबाटकी चढताना एखाद्या वळणावर मागे वळून खाली पाहा (चालकाने नव्हे). जे गाव दिसते ते खंडाळा. सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाईत कृष्णा ओलांडली, की पसरणीचा चढ सुरू होतो. प्रतापगडास जाणार असाल, तर रडतोंडीच्या घाटाविषयी स्थानिकांना विचारा. डांबरी रस्ता तेथून जात नाही, पायवाटेने उतरावे लागते.

पुढील धागा रंगो बापूजींच्या लंडनमधील वर्षांवर.