पाचशे फुटांवर पाणी नाही, इतिहास आहे

उन्हाळा लागला की आमच्या तालुक्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. जितकं खोल तितकं पाणी, असा समज. आपल्या जमिनीचा इतिहास वेगळंच सांगतो.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर साचला. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच काळ्या पाषाणावर आहे. हा दगड नदीकाठच्या वाळूसारखा पाणी पीत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली जावं तशा भेगा बहुतेक ठिकाणी कमीच होतात.

१९७२च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी बोअर आले. त्याच वर्षी राज्याची भूजल यंत्रणाही उभी राहिली. पुढे तहानेचा उपाय शेतीची सवय झाला. २००९च्या भूजल कायद्यानुसार अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. म्हणजे जेमतेम दोनशे फूट! मी बातम्या देतो, गाड्या चालूच राहतात.

भेगेत मावतं तेवढंच पाणी, आणि तिला भरतो फक्त पाऊस. नव्या बोअरला लागलेलं पाणी कधी कधी शेजारच्या विहिरीतलंच असतं. येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: शिवारात बोअर किती, आणि त्यातले चालू किती?